टिकारामच्या हॉटेलातली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भट्टी आहे. कटंगीच्या बसस्टँडसमोर टिकारामचं छोटं हॉटेल आहे, त्याच्या दाराशी मी बसले आहे. माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही. रस्ता रुंद करणारं यंत्र शेजारच्या दुकानापर्यंत आलं आहे.

टिकाराम आणि त्याची बायको अनुसया यांनी लग्नानंतर मला बांधलं. चिकणमातीत धानाचा कोंडा मिसळून दोघांनी ती माती पायांनी तुडवली. माझ्यावर मंगोड्यांची, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांची, कढई चढली, शेजारी चहाचं पातेलं. तुमसरची बस थांबली की प्रवासी धावत येत. पाळी सुटली की तिरोडीच्या खाणीतले मजूर येत आणि अनोळखी माणसांना खेटून बाकावर बसत. कोणी गप्प दिसला तर टिकाराम हळूच विचारी, "घरी सारं बरं हाये ना?" चौकात काचेची मोठी हॉटेलं झाली, तरी लोक आमच्याकडेच येत राहिले.

मागच्या थंडीत टिकाराम वारला. तेरवी होताच अनुसयाने मला सारवलं आणि पेटवलं.

"आई, आता बंद कर. माह्यासंग नागपूरले चाल," मुलगा राकेश म्हणाला.

"तिथं कोनासाठी पेटवू?" तिने विचारलं. राकेश एकटाच परत गेला.

मग रस्तेवाले आले आणि हॉटेल पाडायचं आहे, असं सांगून गेले. अनुसयाने घराच्या अंगणात माझ्यासाठी जागा केली. काल तिने चैतरामला बोलावलं. तो खाणीतून निवृत्त झालेला, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याने सबलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, माझा पाया मोकळा केला, खाली फळ्या सरकवल्या आणि आणखी तिघांना हाताशी घेऊन मला उचललं. तेवढ्यात मी तोंडापासून बुडापर्यंत तडकले.

"ठेवा, खाली ठेवा," अनुसया म्हणाली.

"बाई, मातीच हाये. नवी बांधू," चैतराम म्हणाला.

"हिच्यावर त्याचा हात फिरला हाये, भाऊ. तो हात कुठून आनू?"

तिने ओल्या मातीने माझी भेग बुजवली. आज सकाळी पेटवलं, तर भेगेतून धूर येऊन तिच्या डोळ्यांत जातो आहे. बाक काढून नेले आहेत, तरी लोक आले आहेत. उभ्यानेच खात आहेत.

मित्रांनो, मला वाचवा असं म्हणायला आता उशीर झाला. पण तुमच्या गावात एखादं असं हॉटेल असेल, तर आजच जा. तिथे बसून खा, शेजारच्याला सरकून जागा द्या. बंद पडल्यावर कितीही हळहळलात, तरी माझ्यासारखी भट्टी पुन्हा पेटत नाही.

शेजारची भिंत पडली. धूळ इकडे येते आहे. अनुसयाने कढईवर पदर आडवा धरला आहे.

"बाई, आता बाहेर ये," चैतराम म्हणतो.

"हौ. हा घाना निघू दे."

दाराबाहेर अजून माणसं उभी आहेत. ती त्यांच्याकडे पाहते आणि माझ्या तोंडात आणखी एक लाकूड सरकवते.