वाटीभर मधाचं वजन

बुद्धपौर्णिमेच्या खिरीत मध किती घालायचा, असं कुणी विचारलं की नंदाबाई म्हणायची, पातेल्याला वाटीभर. तेवढ्या हिशेबावर इंदुरीच्या विहारातली खीर वर्षानुवर्षं होत आली. यंदा नंदाबाई नव्हती. माणसं वाढली होती, खीर हंड्यात शिजायची होती, आणि पप्पू आचाऱ्याने तिच्या लेकीला, शुभदाला, बजावलं होतं की वाटी-बिटी मला सांगू नकोस, वजनात सांग.

शुभदा लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर असायची. पप्पूचं काय, त्याला काहीही आकडा सांगितला असता तरी त्याने खीर केलीच असती. तिला घोर होता तो आबांचा. आई गेल्यापासून तिचे वडील घराबाहेर पडले नव्हते. विहारात येणार का, असं विचारल्यावर एवढंच म्हणाले, "तिच्या हातची खीर असती तर आलो असतो." शुभदाने ते मनावर घेतलं. खीर तशीच झाली तर आबा उठतील, या आशेवर ती सुट्टी टाकून आली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची दुपार. उन्हाने सगळं गाव पेंगुळलं होतं. तिने आईची वाटी पाण्याने भरून पाण्याचं वजन केलं, दीडशे ग्रॅम भरलं. तेवढाच मध मोजून पातेल्यातल्या खिरीत घातला. आबांनी चमचाभर चाखली. "फिकी हाय," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मग तिचं तिलाच हसू आलं. मध पाण्याहून जड, हे बरणी उचलणाऱ्या हातालाही कळतं. या वेळी तिने वाटी मधाने काठोकाठ भरून वजन केलं. वाटीचा भार वजा जाता दोनशे दहा ग्रॅम. नव्या खिरीवर तिने वाटी कलती केली. मध सावकाश उतरू लागला. जांभळाच्या फुलोऱ्याचा वास घरभर झाला, खिडकीतलं ऊन त्या धारेत शिरलं, आणि उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले. आई नदीकडून येत होती, पदराला हात पुसत, कसलीच घाई नसल्यासारखी. शुभदाला वाटलं, धार अशीच पडत राहावी. डोळे उघडले तेव्हा धार संपली होती. तिने चमच्याने वाटी निपटून घेतली.

"लई गोड झाली," आबा म्हणाले.

आता मात्र तिला रडू कोसळलं. काटा बरोबर होता, आई खोटं सांगणारी नव्हती, मग चुकलं कुठे? आबा कधी उठले तिला कळलं नाही. त्यांनी वाटी उचलली आणि आतून बोट फिरवलं.

"समदा निपटून घातलास व्हय?"

तिने मान हलवली.

"तिला कुटं एवढा दम? धार बारीक झाली की वाटी बाजूला. मंग त्यात कोमट पानी घालून मला द्यायची. म्हनायची, ह्यो तुमचा वाटा."

साऱ्या गावाच्या खिरीतून आई आपल्या नवऱ्यापुरता मध राखून ठेवत होती, आणि पोटच्या पोरीला त्याचा पत्ता नव्हता. शुभदाला क्षणभर चक्क हेवा वाटला.

तिने वाटी पुन्हा भरली, बरणीत ओतली, धार बारीक होताच सरळ केली आणि काट्यावर ठेवली. आत तीस ग्रॅम राहिला होता. पातेल्याला एकशे ऐंशी, असं तिने पप्पूला फोनवर सांगून टाकलं. मग वाटीत कोमट पाणी ओतलं, बोटाने ढवळलं आणि वाटी आबांपुढे धरली.

आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मग अर्धी प्याले आणि उरलेली तिच्याकडे सरकवली.

"तू पी," ते म्हणाले. "आन् माजा पांढरा सदरा काढून ठिव. उद्या लागंल."