तेवीसवर ठेवलेली खोली

सिंगापुरात हिवाळा नसतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण २०१८ च्या जानेवारीत आठवडाभर पाऊस खळेना, पारा बावीसवर उतरला आणि हौगांगच्या मार्केटमधल्या भाजीवाल्या बायका अंगात स्वेटर घालून बसू लागल्या. एवढ्या गारठ्यातही धवलच्या बेडरूममध्ये एसी चालूच होता. धवल त्याला 'ह्युमिडिटी कंट्रोल' म्हणायचा, आणि त्याची सासू नंदाताई त्याला खूळ म्हणायची. दोघांच्या मधे गार्गी होती, वीस दिवसांची बाळंतीण, आणि तिच्या कुशीत बारसं न झालेली मुलगी.

नंदाताई लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकहून आली होती. डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा आणि स्वतःच्या हातची सहा टोपडी घेऊन. आल्या दिवशीच तिने एसीकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माची कंबर धरते," ती म्हणाली.

"आई, नर्सने लिहून दिलंय," धवल म्हणाला. "बाळ जास्त गरम होता कामा नये. तेवीस ते पंचवीस."

"आमच्या वेळी कोण मोजत होतं?"

"म्हणूनच आता मोजतात."

धवल चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या सिस्टिम्स सांभाळायचा. जे मोजता येत नाही ते खरं नाही, अशी त्याची समजूत होती, आणि असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. गार्गीने तो नाद केव्हाच सोडला होता. ती दिवसभर आईला "हो" म्हणायची आणि संध्याकाळी नवऱ्याला "हो" म्हणायची. घरात भांडण नको, एवढंच आपल्याला हवं आहे असं तिला वाटे. खरं तर तिला दोघांच्याही नजरेत शहाणं राहायचं होतं.

नंदाताईने दोनदा एसी बंद केला. दोन्ही वेळा धवलला घरी आल्यावर खोली उबट लागली, आणि दोन्ही वेळा तिने सरळ सांगितलं, "मी केला बंद. पोर शिंकत होती." दुसऱ्या वेळेनंतर धवलने पाळण्याच्या वर भिंतीला एक छोटं पांढरं यंत्र चिकटवलं. ते खोलीचं तापमान दिवसभर टिपून ठेवायचं, आणि धवल घरात आला की थोड्या वेळाने तो सगळा आलेख त्याच्या फोनवर उतरायचा. जावयाने सासूवर पहारेकरीच बसवला म्हणायचा.

"आई, तुमचा मान आहेच," तो म्हणाला. त्याचा आवाज चढत नसे, हाच त्याचा त्रास होता. "पण पुन्हा असं झालं तर मला कॉन्फाइनमेंट नॅनी, म्हणजे इथली बाळंतपणाची पगारी बाई, ठेवावी लागेल. मग तुम्हाला इथे त्रास करून घ्यायची गरज नाही."

तसली चिनी नॅनीसुद्धा बाळंतिणीला महिनाभर वाऱ्याला उभं करत नाही, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. नंदाताईने क्षणभर लेकीकडे पाहिलं. गार्गी दुपट्याची घडी घालत होती.

"शब्द देते, धवलराव," नंदाताई म्हणाली. "त्या रिमोटला आता हात लावणार नाही."

मंगळवारी दुपारी गार्गीची कंबर भरून आली होती. नंदाताईने शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून दिली, बाळाला पाजून झाल्यावर ढेकर काढला आणि ती अळिवाची खीर करायला स्वयंपाकघरात गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. एसीचा गार झोत नेमका गार्गीच्या मानेवर येत होता. टाक्यांना ओढ बसत होती आणि पायांत गोळे येत होते. गार्गीला एकदम स्वतःचा राग आला. आई सांगते ते आपल्या अंगाला कळतंय, मग आपण कोणाच्या भीतीने कुडकुडतोय? तिने उठून दार लावून घेतलं आणि रिमोट दाबला.

एसीची फडफड थांबली. तिने बाळाला टोपडं घातलं, शालीत गुंडाळलं, कुशीत ओढलं आणि शेकाची पिशवी जवळ घेऊन दोघींवर दुलई ओढली. वीस दिवसांत पहिल्यांदाच ती गाढ झोपली.

पावणेतीनला कुलपाचा आवाज आला. पावसामुळे धवल लवकर निघाला होता. गार्गी धडपडत उठली, एसी लावला, पिशवी पलंगाखाली सरकवली, टोपडं काढलं. धवल हात धुऊन आला आणि रोजच्यासारखा कानाचा थर्मामीटर घेऊन बाळापाशी वाकला. आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"अडतीस पॉइंट तीन."

"परत बघ," गार्गी म्हणाली.

परत तेवढाच आला. आलेख उतरायच्या आत, दहा मिनिटांत ते टॅक्सीत होते. पाऊस होता म्हणून बाळाला पुन्हा गुंडाळलंच. नंदाताई घरी थांबली.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती आणि नीट समजावून सांगत होती. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला तर थांबून चालत नाही. रक्त, लघवी आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं, आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. मग तिने विचारलं, बाळाला फार गुंडाळलं होतं का? खोली गरम होती का? तसं असेल तर आधी अर्धा तास उघडं ठेवून पुन्हा मोजून बघू.

"नाही," धवल लगेच म्हणाला. "खोली नेहमी तेवीसवर असते. आमच्याकडे त्याची नोंद असते."

डॉक्टरने गार्गीकडे पाहिलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर धवलने तिच्याकडे कसं पाहिलं असतं, हे तिला दिसत होतं. आईकडे बघतो तसंच. गार्गी मूग गिळून बसली.

पडद्याआड नर्सने पाठीतल्या सुईसाठी बाळाला आडवं करून गुडघे पोटाशी दुमडून धरलं. पालकांना बाहेर थांबायला सांगितलं. अजूनही बोलता आलं असतं, दोन मिनिटं होती. मग आतून बाळ किंचाळलं. वीस दिवसांत तसा आवाज तिने ऐकला नव्हता. धवलने तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "तू धीराची आहेस." त्या क्षणी गार्गीला त्याचा, स्वतःचा आणि सगळ्या जगाचा तिटकारा आला.

शुक्रवारी सोडलं, तोवर दोघंही हॉस्पिटलमध्येच होते. सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. जाताना डॉक्टर सहज म्हणाली, कदाचित फक्त जास्त गुंडाळल्यामुळे असेल. घरात शिरल्यावर थोड्या वेळाने धवलचा फोन वाजला, तीन-चार दिवसांचे आकडे उतरले होते. तो हॉलमध्ये उभ्या उभ्या ते बघत राहिला. नंदाताई बाळावरून मीठमोहऱ्या ओवाळायला वाटी घेऊन आली होती.

"आई, मंगळवारी सव्वा ते पावणेतीन," धवल म्हणाला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला. "सत्तावीस पॉइंट चार."

"मी नाही केलं."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पाळलाय."

"मग एसी आपोआप बंद झाला?"

नंदाताईने गार्गीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, जाबही नव्हता. ती नुसती थांबली होती. धवलही आता बायकोकडे पाहू लागला. गार्गीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, त्याच्या पाठीवर चिकटपट्टीचा चौकोन होता. हे मी केलं, असं त्या चौकोनाकडे बघत म्हणायची तिची छाती झाली नाही.

"जाऊ दे ना धवल," ती म्हणाली. "आईने काही मुद्दाम केलं नसेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरानेच संन्याशाला माफी दिली. नंदाताईच्या हातातली वाटी थोडी कलली. दोन मोहऱ्या फरशीवर पडल्या, त्या तिने वाकून वेचल्या.

"माझं तिकीट अलीकडचं करून द्या, धवलराव," ती म्हणाली. बारसं ठरलं होतं त्याच्या दोन आठवडे आधीचं तिकीट मिळालं. थांबा म्हणून कोणी आग्रह केला नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी नंदाताई लेकीच्या कंबरेला तेल लावत होती. गार्गी पालथी पडली होती, चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलणं जमलं.

"आई, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे."

"कसं?"

"दाराबाहेर होते मी. खीर झाली म्हणून सांगायला आले होते. आत रिमोट वाजला. म्हटलं, निजू दे पोरीला. बरं वाटलं मला, माझं ऐकलंस म्हणून."

गार्गी रडायला लागली. "मग तू सांगितलं का नाहीस त्याला?"

"मी नाही केलं एवढं सांगितलं की. पुढचं तू सांगायचं होतंस." नंदाताईचा हात तेवढ्याच जोराने चालत राहिला. "तुझ्या बाबांपुढे मीसुद्धा कैक वेळा गप्प बसलेय. पण माझ्या आईला कधी खोटं पाडलं नाही मी."

"आज सांगते. तो आला की सांगते."

"सांग," नंदाताई म्हणाली. एकदम इतकी आशा तिच्या आवाजात आली की गार्गीने डोळे घट्ट मिटले.

धवल सहाला आला. बॅग ठेवून, हात धुऊन तो खोलीत पाळण्याशी वाकला. हॉलमध्ये नंदाताई सामान भरत होती.

"धवल, मला एक बोलायचंय," गार्गी म्हणाली.

"मलापण. वाईट वाटून घेऊ नकोस." त्याने आवाज खाली आणला. "आई चांगल्या आहेत, पण त्या असल्या की ऑफिसमध्ये माझं लक्ष लागत नाही. बाळ फक्त तुझ्याकडे असलं की मी निर्धास्त असतो. खरंच." आणि तो हसला. कित्येक दिवसांत तो तसा हसला नव्हता. "तू काय म्हणत होतीस?"

हॉलमधली सामानाची खुडबुड थांबली होती.

"तेच," गार्गी म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

खोलीचं दार उघडंच होतं.