दुरुस्त केलेली मोटार

चालत्या गाड्याला खीळ घालणारे लोक असतात म्हणतात. सौंसरचे कापसाचे व्यापारी रघुनाथराव यांनी ती खीळ आपल्याच हातानं घातली, आणि वर मजुरीही दिली. सत्तेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी काळी मोटार घेतली होती. ती इतकी खडखडायची की बाजारातली गुरं बाजूला व्हायची. पण रस्त्यात कधी बसली नव्हती, हे तिच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं.

मग तिला दुरुस्तीला का टाकलं? तर जावयासाठी. ज्या जावयाचं तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतली होती, त्याच जावयासाठी.

उषा ही रघुनाथरावांची एकुलती एक लेक. नागपूरला सचिवालयात कारकून असलेल्या अरविंदशी तिनं लग्न केलं. तो दुसऱ्या जातीचा. रघुनाथरावांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. नातू झाला तरी उघडलं नाही. त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, नातवाची कुंची शिवली आणि ट्रंकेत ठेवून दिली. रघुनाथरावांनाही रात्ररात्र झोप यायची नाही, पण घेतलेली शपथ गिळायची कशी हे त्यांना कळत नव्हतं.

छप्पन सालची दिवाळी तोंडावर आली आणि राज्याचीच वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात जाणार, सौंसर मध्यप्रदेशातच राहणार, आणि राजधानी भोपाळला. अरविंदचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. शेजारचा चिंधू संत्री घेऊन नागपूरला जायचा. त्यानं उषाचा निरोप आणला.

"मंगळवारी दुपारच्या गाडीनं निघून राहिले, भाऊ. गाडी पांढुर्ण्याले थांबते. बाबा आले तर पोराले पाहून घेतील, म्हणे. नाही आले तर समजून घेईन, म्हणे."

रघुनाथराव जेवून उठले. हात धुताना म्हणाले, "जाऊ." स्टेशनावर ना त्यांचा उंबरठा, ना आपला. शकुबाईंनी त्याच रात्री अनारशांचं पीठ काढलं.

आता जावयापुढं खडखडणारी मोटार कशी न्यायची? मुकुंद मिस्त्रीनं सगळं इंजिन खोललं, पेट्रोलची टाकी धुतली, सैल झालेलं सगळं आवळलं. मोटार परत आली ती शिलाई मशीनसारखी. रघुनाथरावांनी रिकाम्या रस्त्यावर दोनदा भोंगा वाजवून पाहिला. शाळेत असताना उषा हा भोंगा ऐकून धावत फाटकाशी यायची. स्टेशनाबाहेर तो वाजवायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मंगळवारी दोघं निघाले. दुरुस्त केलेलं वाहन जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडल्याशिवाय पुढं न्यायचं नाही, म्हणून तिथं थांबले. नारळ पांढराशुभ्र निघाला. शकुबाईंनी कुंकू लावून मोटारीला हात जोडले. तिथून थोडं पुढं गेले, आणि मोटार खोकली आणि बंद पडली.

झालं होतं असं, की टाकी पुसताना मुकुंदचं फडकं आतच राहिलं होतं. इंजिन पेट्रोल ओढायचं तसं ते जाऊन पेट्रोल जायच्या भोकावर बसायचं, इंजिन थांबलं की सुटायचं, आणि कुठं कोपऱ्यात अडकून राहिलं तर मोटार बिनघोर चालायची. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की मोटार बंद पडते, जरा वेळानं आपोआप चालू होते, आणि कपाशीची दोन वावरं ओलांडली की पुन्हा बंद पडते. साफ मेली असती तर बरं झालं असतं. माणसानं तिचा नाद तरी सोडला असता.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मागून बस येऊन उभी राहिली. तीत चिंधू होता, मांडीवर उषासाठी संत्र्यांची टोपली घेऊन.

"चाला न, भाऊ. जागा आहे. गाडीचा टाइम होऊन राहिला."

शकुबाई डबा घेऊन खाली उतरल्यासुद्धा. "अहो, बसनं जाऊ न. मोटार इथंच राहू द्या. कोण नेते तिले?"

रघुनाथरावांनी बसकडं पाहिलं. कोंबड्या, बोचकी, बिड्यांचा धूर. त्यांतून उतरून जावयापुढं उभं राहायचं?

"तू हो पुढं, चिंधू. मागूनच येऊन राहिलो म्हणून सांग. ही आत्ता चालू होते."

बस गेली. शकुबाई डबा मांडीवर घेऊन परत मोटारीत बसल्या. आणि मोटार खरंच चालू झाली. रघुनाथराव विजयानं बायकोकडं पाहणार, तोच पुढच्या चढाला ती पुन्हा थांबली.

पांढुर्ण्याला पोचले तेव्हा स्टेशनाबाहेर टांगेवाले परत फिरत होते. रघुनाथरावांनी भोंगा वाजवला नाही. फलाटावर बाकाशी चिंधू एकटाच उभा होता. टोपली हातात नव्हती.

"उषा लय वेळ गाडीच्या दारातच उभी होती," तो म्हणाला. "पोराले नवी टोपी घातली होती. म्या सांगतलं, मोटार बंद पडली, मागून येऊन राहिले. तं मले इचारलं, काका, बसमधे जागा नव्हती का?"

"मंग तू काय सांगतलं?" रघुनाथरावांनी विचारलं.

"होती म्हटलं." चिंधू खाली पाहू लागला. "मंग टोपली घेतली, भाऊ. पोराले घेऊन आत जाऊन बसली. गाडी हालली तरी खिडकीत आली नाही."

शकुबाईंनी अनारशांचा डबा पदराखाली घेतला आणि स्टेशनाबाहेर आल्या. सौंसरची बस उभी होती. मोटारीकडं न पाहता त्या चिंधूमागोमाग बसमध्ये चढल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याला न विचारता त्या कुठंही गेल्या नव्हत्या. रघुनाथरावांनी हाक मारण्यासाठी तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडानं मारणार?

ते बसच्या मागं निघाले. जामसांवली गेली, सौंसर आलं. मोटार वाटेत एकदाही थांबली नाही.