फ्लॉसीचं पाच मिनिटांचं भाषण

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हसू नका! दुसऱ्याचं बोलणं परत म्हणून दाखवायचं, एवढंच माझं जन्मभराचं काम. स्वतःचं असं एक अक्षर मी आजवर बोललो नाही. आज बोलतोय, कारण माझ्या पोटात एक गोष्ट अडकली आहे आणि ती बाहेर काढायला कुणाचं बोट लागेना.

१९९३ साली ॲन्सेल्मने मला बहरीनच्या बाजारातून उचललं आणि समुद्राकाठच्या भुईगावला आपल्या घरी आणलं. काय थाट होता माझा तेव्हा! अंगावर क्रोशाचा रुमाल, रोज सकाळी पुसणं. लग्नाची गाणी, पोरांच्या कविता, फादरांचं प्रवचन, सगळं मी पोटात घेतलं. माणसांची एक गंमत मला तेव्हाच कळली. स्वतःचा आवाज ऐकला की जो तो म्हणतो, "छी, हा काय माझा आवाज?" शेजारी बसलेले मात्र म्हणतात, "अगदी तुझाच!"

ॲन्सेल्मची बायको फ्लॉसी. तिचं माहेर कोळीवाड्यातलं, त्यामुळे 'ण' हे अक्षर तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पानी, लोनी, अंगन. सासरी केळीची वाडी, आणि वाडीत सासऱ्याने खणलेली विहीर. त्या विहिरीवर तिचा भारी जीव. आल्यागेल्याला चहाआधी तिचं पाणी द्यायची आणि वर विचारायची, "गोड हाय ना?"

सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत आजूबाजूच्या विहिरींवर मोठमोठे पंप बसले. टँकर भरभरून पाणी शहरातल्या नव्या इमारतींना जाऊ लागलं. उपसा इतका झाला की खालून समुद्राचं पाणी आत शिरलं आणि फ्लॉसीची विहीर खारी झाली. केळीची पानं कडेकडेने करपायला लागली.

मग ठरलं की प्रांतसाहेब गावात येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार. बायकांच्या वतीने पाच मिनिटं फ्लॉसीने बोलायचं, कारण पहिली विहीर तिची गेली होती. साहेबांना पटलं तर टँकर बंद होणार होते. नाही पटलं तर वाडी गेलीच समजा.

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिने मला ओट्यावर ठेवलं, कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. समोर भाताचा टोप होता. त्या टोपालाच ती 'सायेब' म्हणाली.

"सायेब, मी फ्लॉसी. आमची हिर माज्या सासऱ्यानं सोताच्या हातानं खनली. मे महिन्यात अर्दा गाव आमच्याकडं पान्याला यायचा. आता मी आमटीत मीठ घालीत नाय, सायेब. घालावं लागतच नाय."

सात मिनिटं बोलली. मध्ये अडखळली, एकदा पदराने डोळे पुसले, एकदा कुकरची शिट्टी झाली. पण काय बोलली म्हणून सांगू! मी एवढी भाषणं रेकॉर्ड केली, एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी तिची नणंद विनी आली. विनी शाळेत शिक्षिका. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, पानी काय? पाणी म्हण! साहेब हसतील. आणि तो शेवट तर काढूनच टाक. मोठ्या माणसाला असं म्हणतात का?"

"मग काय बोलू, विनीबाय?"

"मी लिहून देते. तू फक्त पाठ कर."

विनी वाईट नव्हती हो. डी.एड.ला असताना तिच्याच तोंडून एकदा 'पानी' गेलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता. ते वहिनीच्या वाट्याला येऊ नये, एवढीच तिची धडपड. तिने दोन पानं लिहिली. 'माननीय प्रांतसाहेब' पासून 'भूगर्भातील जलसाठा' पर्यंत सगळं त्यात होतं. घड्याळ लावून बरोबर साडेचार मिनिटं.

रोज शाळा सुटली की सराव. टेप मागे घ्यायची, लाल बटण दाबायचं, वाचायचं, ऐकायचं, चुकांवर खूण करायची. सराव असाच करावा, मला मान्य आहे. पण माझं दुःख ऐका. लाल बटण दाबलं की माझं एक डोकं आधीचं पुसतं आणि दुसरं नवं लिहितं. माझी घडणच तशी. फ्लॉसीचं ते पहिलं बोलणं मीच पुसत होतो आणि मला ओरडताही येत नव्हतं.

एकदा ॲन्सेल्म ओटीवरून म्हणाला, "पैलं होतं ते बरं होतं गं."

"दादा, तू गप बस," विनी म्हणाली.

दहा दिवसांत फ्लॉसीच्या जिभेवर 'ण' बसला. बसला तो उठेचना! जमिनीची 'जमीण' झाली, जनतेची 'जणता'. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सभेच्या आदल्या दिवशी विनी पेपर तपासायला शाळेत थांबली होती, म्हणून फ्लॉसीने एकटीनेच सराव केला. "माणणीय प्रांतसाहेब," तिने सुरुवात केली. मी जसंच्या तसं परत ऐकवलं. एकदा नाही, तीनदा! ती मान डोलवत राहिली. तिच्या कानाला आता 'ण' म्हणजे शुद्ध, एवढंच कळत होतं.

सभेला मलाही नेलं. साहेब काय कबूल करतात ते टेप करायचं म्हणून कॅसेटची दुसरी बाजू लावली होती. पिशवीत माझ्या शेजारी विहिरीच्या पाण्याची एक बाटली होती आणि रुमालात गुंडाळलेला काचेचा ग्लास. ते कशाला, हे तिने विनीला सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

हॉल भरलेला. फ्लॉसीचं नाव पुकारलं. ती उठली, कागद धरला.

"माणणीय प्रांतसाहेब, आणि जमलेल्या सर्व जणतेला णमस्कार. आमच्या जमिणीतलं पाणी…"

'पाणी' अगदी शुद्ध म्हणाली बिचारी! पण मागच्या रांगेत एक जण फिसकन हसला, दुसरा ओरडला, "माणणीय!" आणि हॉलभर हशा पिकला. फ्लॉसीच्या तोंडचं पाणी पळालं. विनी पहिल्या रांगेतून पुढची ओळ सांगत होती, "भूगर्भातील… वहिनी, भूगर्भातील…" फ्लॉसीला ती ऐकूच येईना. तिने एकदा खाली पिशवीकडे बघितलं. काढ गं, ती बाटली काढ, मी मनात म्हणत होतो. माझी चक्रं नुसती फिरत होती.

"मला येवढंच बोलायचं व्हतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

साहेब टेबलावरच्या सीलबंद बाटलीतलं पाणी प्याले आणि म्हणाले, "काय असेल ते लेखी द्या."

लेखी दिलं. त्याचं पुढे काहीच झालं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर फ्लॉसीने बाटली विहिरीत परत ओतली. विनी दारात रडत म्हणाली, "माझंच चुकलं, वहिनी." फ्लॉसी म्हणाली, "नाय गं, माजी जीबच वाईट." त्यानंतर चार माणसांत ती कधी बोलली नाही.

याला नऊ वर्षं झाली. वाडी सुकली. आता पिण्याच्या पाण्याचा टँकर फ्लॉसीच्याच दारात येतो. भोंगा वाजला की ती हंडे घेऊन धावते. मी कपाटावर आहे, नाताळच्या गोठ्याच्या खोक्याशेजारी. रुमाल गेला, रबरी पट्टा सैल झाला. परवा ॲन्सेल्म म्हणत होता, भंगारात देऊन टाकू.

द्या. पण त्याआधी एकदा मला खाली घ्या आणि कॅसेटची पहिली बाजू लावा. अहो, पहिलं भाषण सात मिनिटांचं होतं आणि विनीचं साडेचार! तेवढंच पुसलं गेलं. पुढची अडीच मिनिटं माझ्याकडे तशीच आहेत. दर वेळी भाषण संपलं की फ्लॉसी लगेच बंद करायची, म्हणून ती कुणाला सापडलीच नाहीत.

तेव्हा तिचं 'धण्यवाद' झालं की बटण दाबू नका. फ्लॉसीला जवळ बसवा. आधी एक खट्ट होईल, मग कुकरची शिट्टी, आणि मग ती टोपाशी बोलायला लागेल:

"कागद नाय आनला, सायेब. ह्यो गलास आनलाय. आमच्या हिरीचं पानी हाय. घ्या. एक घोट पिऊन बगा."