स्वतःच्या हातानं

दवाखान्यातल्या सिस्टरनं टेबलावरच्या कागदावर दोन गोळ्या ठेवल्या, एक लांबट आणि एक गोल.

"रोज यातली कुठली घेतेस?"

तिनं गोल गोळीवर बोट ठेवलं. त्यात काय विचारायचं!

सिस्टरनं गोळीवरून नजर काढून कागदांकडे वळवली. समोर रक्ताचा अहवाल होता. आठवा महिना सरत आला होता आणि अंगातले विषाणू कमी व्हायचे सोडून वाढले होते.

"अगं, ही हाडांसाठीची, कॅल्शियमची. बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून दिलेली ती ही लांबट. ही कधी घेतलीच नाहीस?"

"बाटल्या मी त्यांच्याकडे देते. तेच देतात रोज सकाळी, स्वतःच्या हातानं."

आणि ते खोटं नव्हतं. दुकान उघडायला जाण्याआधी तिचा न्हावी नवरा एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. शेजारणी तोंडात बोटं घालायच्या. नशीब काढलंस हो, म्हणायच्या. तीही फुशारून जायची, वेडी!

"बाटली तर दर महिन्याला रिकामी होते," सिस्टर म्हणाली. "मग गोळ्या जातात कुठे? नवऱ्याला तपासणीला आण म्हणून पाचदा सांगितलं तुला."

आणायचं कसं? गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावणारा माणूस मी, दवाखान्याच्या त्या रांगेत कुणी पाहिलं तर दुकानाला टाळं लागेल, हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण चार महिन्यांत त्याच्या तोंडातले फोड गेले होते, सदरे अंगाला घट्ट होऊ लागले होते. बाप होण्याच्या आनंदानं माणूस भरतो, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. गोळी लागू पडली होती, पण त्याला.

"माझं बाळ?"

"आजपासून एकही चुकवायची नाही. जन्मल्याबरोबर बाळालाही औषध देऊ. वेळ थोडा आहे, पण गेलेला नाही," सिस्टर म्हणाली आणि नवी बाटली तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आलाच. तळहातावर गोल गोळी, चेहऱ्यावर नेहमीचं लाडिक हसू.

"घे गं, राणी."

तिनं उशीखालून बाटली काढली, लांबट गोळी त्याच्यादेखत जिभेवर ठेवली आणि त्याच्याच हातातला पेला घेऊन गिळली. बाटली मात्र मुठीतून सोडली नाही.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आता हातापाया पडेल, निदान पोटातल्या जिवाबद्दल एक शब्द तरी विचारेल, असं तिला वाटलं. मेली आशा!

"मग मी काय घेऊ?" तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग पेला खाली ठेवला.

"दवाखान्यातली गोळ्यांची खिडकी नऊला उघडते," ती म्हणाली. "रांग मोठी असते. लवकर निघा."