चाळीस दिवसांच्या नोंदी

साकीनाक्याच्या गाळ्यात रुचिरा पोचली तेव्हा साडेबारा व्हायला आले होते. तिथे कामाला असलेला सिद्धेश दारातच उभा होता. "ताई, साहेब लॅबवाल्यांना पत्र पाठवायला बसलेत. आधी तू वाच."

पत्र चारच ओळींचं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी बंद पडल्याचा इशारा सकाळी ७.४० ला आला. ड्यूटीवरच्या ऑपरेटरने पहिलं मशीन दुपारी १.१२ ला बंद केलं. साडेपाच तास दुर्लक्ष झाल्याने एक मशीन जळालं आणि पेशंटांचे नऊशे रिपोर्ट गेले.

ड्यूटीवर तिचे वडील होते, चंद्रप्रकाश. सहा लॅबचे रिपोर्ट सांभाळणारी ही मशीनं त्यांनी बावीस वर्षं जपली होती. त्याच रात्री ते गेले. आज चाळिसावा दिवस.

"साडेपाच तास बाबा काय झोपले होते?"

"मी काही म्हणत नाही गं, आकडे म्हणतायत," श्यामकांत साहेब म्हणाले. गाळा त्यांचा, धंदा त्यांचा. "सिद्धेशनेच काढलेत. लॅबवाले डोक्यावर बसलेत. गेलेल्या माणसाला आता कोण काय विचारणार आहे?"

सिद्धेशने मान खाली घातली. जुन्या सिस्टिममधल्या देखरेखीच्या नोंदी वेळेनुसार नोंदी लावणाऱ्या नव्या डेटाबेसमध्ये त्यानेच भरल्या होत्या. सगळ्या नाही, फक्त इशारे आणि ऑपरेटरने दिलेल्या कमांड. रुचिरा मालाडच्या एका ऑफिसात हेच काम करायची. तिची नजर त्या आकड्यावर अडली. पाच नाही, सहा नाही, बरोबर साडेपाच.

"इशारा येतो कुठून?"

"एसीच्या पेटीतून."

"तिचं घड्याळ?"

सिद्धेशचा चेहरा उतरला. "काका म्हणायचे, ती पेटी लंडनाक रवता, आपण साकीनाक्यार. हसायचो आम्ही. पेटीच्या लंडनच्या वेळेत ते मनातल्या मनात साडेपाच तास मिळवायचे."

"आणि तू?"

"आहे तसं भरलं."

"म्हणजे इशारा एक वाजून दहाला आला," ती साहेबांकडे वळली.

"पेटीचं घड्याळ त्या दिवशीही तसंच होतं कशावरून? पुरावा दे, आत्ता बदलतो."

पुरावा होता. प्रत्येक मशीन स्वतःचं तापमान मिनिटामिनिटाला नोंदवत असे, आणि ते इथल्या वेळेने. बिनकामाचं म्हणून सिद्धेशने नेमकं तेच सोडलं होतं. जुनी सिस्टिम चाळीसच दिवस आठवणीत ठेवायची. मग दर मिनिटाला नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीवर लिहायची. एक वाजून दहाला त्या दिवसाची एक वाजून दहाची नोंद पुसली जाणार होती.

बारा एकेचाळीस.

"सिस्टिम थांबव," ती सिद्धेशला म्हणाली.

"थांबवायची नाही," साहेब म्हणाले. "सहा लॅबचं काम चालू आहे. आपण डोळे मिटले आणि परत काही तापलं तर? तुझ्या बाबांनी थांबवली असती?"

त्यांनी थांबवली नसती.

सिद्धेशने नोंदी बाहेर काढायला लावल्या. दहा मिनिटांत चार टक्के. "वाट लागली! ही आजपासून मागे जातेय, ताई. तो दिवस शेवटी येणार."

"बंद कर. फक्त त्या दुपारचं माग."

"तसं बटणच नाहीये."

"मग कमांड हाताने लिही. सरक, मी लिहिते."

तिने तारीख घातली. पडदा कोरा. पुन्हा घातली. कोराच.

"महिना आधी, दिवस नंतर, ताई! काकांनी तसंच ठेवलंय."

एक वाजून चार. आकडे उतरू लागले. त्याच्या आधीचे पुसले गेले होते. बावन्न अंश, बावन्न, त्रेपन्न, बावन्न. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एक दहा: त्रेपन्न. एक अकरा: अठ्ठावन्न. एक बारा: चौसष्ट.

तिने सगळं नव्या डेटाबेसमध्ये भरलं आणि पेटीच्या वेळेत साडेपाच तास मिळवले. आलेखावर इशाऱ्याची खूण आणि तापमानाची चढण एकाच जागी आली.

"दोन मिनिटं," सिद्धेश म्हणाला. "दोन मिनिटांत काका उठले होते."

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय?"

पहिलं मशीन एक बाराला बंद. दुसरं एक सतराला. तिसरं एक एकवीसला. चौथं, जे जळालं ते, एक एकोणचाळीसला. मधली अठरा मिनिटं रिकामी.

सिद्धेश हळूच म्हणाला, "ग्राफ तिसऱ्यापाशी कापू ना. कोणाला कळतंय?"

माऊस रुचिराच्या हातातच होता. घाटकोपरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती स्ट्रेचरजवळ उभी होती. केव्हापासून दुखतंय? दीडच्या आधीपासून, बाबा म्हणाले होते, पण काम होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

"कापायचं नाही," ती म्हणाली.

साहेबांनी कीबोर्ड ओढून घेतला. "मग या अठरा मिनिटांचं काय लिहू?"

"लिहा, छातीत दुखायला लागलं म्हणून ते बसले. नंतर उठून त्यांनी चौथं मशीन बंद केलं."

साहेब दोन बोटांनी टाइप करत होते. मध्येच थांबले. "ते म्हणजे, ऑपरेटर लिहू?"

"नाव लिहा," रुचिरा म्हणाली.