खिडकी वाढवते

ज्या वर्षी शिवांशच्या गळ्यात लिंग बांधलं, त्याच वर्षी त्याच्या बापाच्या कवाडावरचं बापाचं नाव पुसलं गेलं. साल दोन हजार बावीस. चाकूरच्या घरी लिंगायत रिवाजाप्रमाणं दीक्षा द्यायला जंगम आले होते, पाहुण्यांना गव्हाची गोड हुग्गी केली होती, आणि सिद्धेश्वर लेकराला मांडीवर घेऊन बसला होता. तेव्हाच त्याचे पाय सुजलेले होते. बायको म्हणाली, उभं राहून राहून सुजले असतील. महिनाभरात लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं कामातून गेली.

कवाड म्हणजे लाकडाचं नव्हे. संगणकाच्या पडद्यावर चौकटी उघडतात, त्यांना खिडक्या म्हणतात. त्या कशा मांडायच्या, कशा हलवायच्या, कशा लपवायच्या, याचं तयार कोड एका ठिकाणी बांधून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला पहिल्यापासून मेहनत नको. अशा भांडाराला लायब्ररी म्हणतात. सिद्धेश्वरनं केलेल्या लायब्ररीचं नाव कवाड. तिची खुबी अशी की एकदा लिहिलेलं कोड विंडोजवर चालायचं, लिनक्सवर चालायचं आणि मॅकवरही चालायचं. यंत्र कुठलं का असेना, खिडकी तीच.

आणि दुसरी खुबी नावांची. खिडकीला जे हुकूम द्यायचे, ज्यांना मेथड म्हणतात, त्यांची नावं त्यानं इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत ठेवली होती. दाखव. लपव. पुढं घे. थिजव. मोड.

"आपल्या आडतीवरच्या पोरालाबी वाचता आलं पायजे," तो म्हणायचा. लातूरला त्याच्या वडिलांची धान्याची आडत होती.

नांदेडला कॉलेजात असताना सत्यमची आणि त्याची गाठ पडली. सत्यमचे वडील हणमंतराव सरकारी साहेब. बदल्यांमुळं सत्यम पुण्यात वाढला, इंग्रजीत शिकला, बोलण्यात तर असा की ऐकणारा खिशात हात घालूनच उठायचा. दोघांनी नांदेडात एक कंपनी काढली. सिद्धेश्वर कोड लिही आणि सत्यम गिऱ्हाईक आणी. सिद्धेश्वरची धाकटी बहीण मंजुश्री संगणकाचं शिकली होती, तिलाही तिथंच कामाला घेतलं. चार माणसं, दोन खोल्या, खाली मिठाईचं दुकान. बरं चाललं होतं.

सिद्धेश्वरचं डायलिसिस सुरू झालं आणि त्याचं नांदेडला येणं सुटलं. मग एके दिवशी मंजुश्रीनं कोडाची फाइल उघडली. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक ओळ असायची: लेखक, सिद्धेश्वर खानापुरे. तिथं आता लिहिलं होतं: लेखक, सत्यम देशमुख. तिनं दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं तेच. आयत्या बिळात नागोबा शिरला होता.

ती विचारायला गेली, तर सत्यम म्हणाला, "अगं, आजारी माणसाचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं. धंद्यात असं करावं लागतं. सिद्धूला कळेल."

सिद्धेश्वर खरोखर काही बोलला नाही. अप्पांना, म्हणजे दोघांच्या वडिलांना, कुणीतरी कोर्टात जा म्हणालं. अप्पा म्हणाले, "तिथं नाव शाबीत होईस्तोवर नावाचा माणूस राहतो का?"

इथवर मंजुश्रीनंही गिळलं असतं. पण नांदेडात कसलासा समारंभ झाला, तिथं सत्यमला शाल घातली, आणि कुणीतरी विचारलं की सुरुवातीला तुमच्याबरोबर एकजण होते ना? सत्यम हसला. माइकवर म्हणाला, "सिद्धू ना? तो टायपिंगला होता हो. डोकं माझं, बोटं त्याची."

लोक हसले. ते सगळं मोबाइलवर आलं आणि सिद्धेश्वरनं दवाखान्याच्या पलंगावर, हातात सुई असताना, पाहिलं. त्यानं मोबाइल चादरीवर पालथा ठेवला. म्हणाला, "टायपिंग काई वाईट न्हाई माझं."

मंजुश्री शेजारी बसली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, त्या पालथ्या मोबाइलकडं पाहत राहिली. बस्स, त्या दिवसापासून तिनं सत्यमला 'सत्यमदादा' म्हणणं सोडलं. सर म्हणू लागली.

पुढच्या वर्षी लातूरच्या काही आडत्यांनी मिळून एक मोठं काम काढलं. कुणाकडं विंडोज, कुणाच्या नातवाकडं मॅक, कुणी फुकटातलं लिनक्स घालून घेतलेलं. सगळ्यांना एकच प्रोग्राम हवा होता, त्यामुळं कवाडशिवाय गती नव्हती. पण त्यांचे पुढारी बसवंतअप्पा मुरलेला माणूस. त्यांनी अट घातली की कवाडची माहिती मराठीत लिहून द्या, एकेका हुकमाचा खुलासा करून. उद्या तुम्ही पळालात तर आमच्या पोरांना दुरुस्ती करता आली पाहिजे. आणि ज्यानं कवाड लिहिलं त्यानं स्वतः येऊन दाखवायचं.

सत्यमनं माहितीचं काम मंजुश्रीवर टाकलं. दुसरं कोण होतं? भावाच्या औषधासाठी पगार लागतो, ती तोंड उघडणार नाही, असा त्याचा अंदाज.

ती बसली लिहायला. दाखव: लपलेली खिडकी पडद्यावर आणते. लपव: खिडकी दिसेनाशी करते, पण ती असते. पुढं घे: इतर खिडक्यांच्या वर आणते. मोड: खिडकी आणि तिच्या पोटातल्या सगळ्या खिडक्या मोडून टाकते, कुणालाही न विचारता. एकेक हुकूम लिहिताना दादाचा, सिद्धेश्वरचा, आवाज कानात यायचा. तो बोलायचा तसंच तिनं लिहिलं.

मग एक हुकूम आला. वाढव.

ती हसली. लहानपणी लातूरच्या आडतीवर ती एकदा संध्याकाळी म्हणाली होती, "अप्पा, दुकान बंद करा न, भूक लागली." अप्पांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. दुकान बंद करतात का? बंद म्हणजे कायमचं. व्यापाऱ्याच्या घरात दिवस संपला की दुकान वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. बोलणाऱ्याच्या जिभेवर वाईट शब्द नको. दादानं तोच शब्द खिडकीला लावला होता. वाढव म्हणजे खिडकी बंद कर, पण रीतीनं. आधी विचारायचं, 'वाढवू का?' समोरचा हो म्हणाला तरच मिटायचं.

तिनं लिहिलं: वाढव, खिडकी बंद करते. मग तिला तो पालथा मोबाइल आठवला. डोकं माझं, बोटं त्याची. तिनं शेवटचे दोन शब्द खोडले आणि लिहिलं: खिडकी वाढवते. तसं करण्याआधी विचारते. नाही म्हटलं तर थांबते.

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दसऱ्यानंतर सत्यम मसुदा वाचायला बसला. ती समोर उभी राहिली. त्यानं पानं भराभर सरकवली आणि एका जागी थांबला.

"हे काय? दुसरीतल्या पोरानं लिहिल्यासारखं. वाढव, खिडकी वाढवते. खुलासा कुठाय?"

मंजुश्रीच्या जिभेवर खुलासा आला होता. तो तिनं दाताखाली धरला. "तुम्हीच घाला ना सर. तुमचंच तर आहे."

त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. मग त्यानं कीबोर्ड ओढला आणि स्वतःच्या हातानं ओळ घातली: म्हणजे खिडकीचा आकार मोठा करते.

"मोठं करताना विचारायचं कशाला पण?" तो स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, "हां, बरोबर. म्हाताऱ्या लोकांसाठी ठेवलं होतं मी ते."

"सर, नक्की ना?" तिनं विचारलं. "तेवढी ओळ नक्की ना?"

"कवाड मी लिहिलंय, मंजुश्री."

"हाव, सर."

खिडकी मोठी करायची मेथड वेगळी होती. तिचं नाव पडदाभर. ती पुढच्या पानावर होती. तिथवर तो गेलाच नाही.

दिवाळीच्या आधी लातूरला आडत्यांच्या सभागृहात दाखवायचा कार्यक्रम झाला. भिंतीवर पडदा, समोर टोप्या, उपरणी आणि त्यांच्यामागं मोबाइलवाली नातवंडं. बसवंतअप्पा पहिल्या रांगेत, कपाळावर भस्माचे पट्टे. मंजुश्री भिंतीला टेकून उभी.

सत्यमनं सुरेख सुरुवात केली. सोयाबीनच्या आवकेची खिडकी उघडली, तिच्या पोटात काट्याची खिडकी, तिच्या बाजूला भावाची. बसवंतअप्पांनीच सांगितलेले आकडे भरून घेतले. माणसं खुश झाली. कुणीतरी म्हणालं, "लई साफ हाय बगा."

"मागं बसलेल्या काकांना दिसत नसेल," सत्यम म्हणाला. "आता मी ही खिडकी वाढवतो."

पहिल्या रांगेत खसखस पिकली. बसवंतअप्पा म्हणाले, "मालक, आत्ताच वाढवायलाव? च्या बी यायचाय अजून!"

सत्यमही हसला. काय विनोद झाला ते त्याला कळलं नाही, पण गिऱ्हाईक हसलं की हसायचं एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं हुकूम टाइप केला. पडद्यावर एक छोटी चौकट आली: वाढवू का?

"बघा, किती नम्र आहे," तो म्हणाला, आणि हो दाबलं.

खिडकी गेली. काटा गेला, भाव गेला, आकडे गेले. पडदा पांढराफटक.

"काहीतरी अडकलंय," सत्यम म्हणाला. पुन्हा सगळं उघडलं. कपाळावर घाम आला होता. पुन्हा हुकूम दिला. पुन्हा पडद्यावर आलं: वाढवू का? सगळं सभागृह ते वाचत होतं. एक नातू मागून ओरडला, "काका, न्हाई दाबा!" सत्यमनं हो दाबलं.

आता कुणी हसलं नाही. बसवंतअप्पांनी हातातल्या कागदांत ते पान काढलं, बोट ठेवून वाचलं. म्हणजे खिडकीचा आकार मोठा करते. खाली नाव, लेखक सत्यम देशमुख.

"हे तुमी लिव्हलाव?"

"हो, म्हणजे बग आहे एक, छोटी चूक..."

"बग न्हाई त्यात. ज्यानं हे कवाड केलंय त्यो दुकानात वाढलेला हाय. आन् हे कागदावर ज्यानं लिव्हलंय, त्यानं आयुष्यात कंदी दुकान वाढवलेलं न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "कुणाचं हाय हे?"

मंजुश्री भिंतीपासून सुटी झाली. "सिद्धेश्वर राजशेखर खानापुरे," ती म्हणाली. आवाज हवा होता तेवढाच निघाला. "माझा भाऊ. टायपिंगला होता म्हणे."

राजशेखरअप्पांची आडत तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होती. माना वळल्या. बसवंतअप्पा एवढंच म्हणाले की नाव जाग्यावर येऊ द्या, मग काम घेऊ, आणि तेही ज्याचं त्याच्याशी बोलून. मग चहा आला. सत्यमला कुणी कप दिला नाही. मुद्दाम नाही, त्याच्याकडं कुणाचं लक्षच राहिलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. चेहरा उतरला होता. "मंजू, तुला माहीत होतं. मला आधी विचारायचंस तरी."

"विचारलं की," मंजुश्री म्हणाली. "तुम्ही हो दाबलं."

ती तशीच बसनं चाकूरला गेली. सिद्धेश्वर खाटेवर टेकून बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग विचारलं, "दुसऱ्यांदाबी हो दाबलं?"

"दुसऱ्यांदाबी."

"पोरगं न्हाई दाबा म्हणत असताना?"

"हाव."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, बायको पाणी घेऊन धावली, तरी थांबेना. "फिरून सांग," म्हणाला. "च्या बी यायचाय, तिथून सांग." त्या हिवाळ्यात त्यानं तिच्याकडून ते किती वेळा वदवून घेतलं असेल, त्याला गणती नाही. एकदा मात्र म्हणाला, "वंगाळ वाटलं न्हाई तुला? आपल्यात जेवलेला माणूस हाय त्यो."

"न्हाई," ती म्हणाली. आणि खरंच वाटलं नव्हतं.

फाइलींच्या डोक्यावर नाव परत आलं. ते तिनं एकेका फाइलीत स्वतःच्या बोटांनी टाइप केलं.

सिद्धेश्वरला चाकूरच्या रानात समाधी दिली. माणसं एकामागं एक येऊन बेल आणि भस्म टाकत होती. बेलाची टोपली मंजुश्रीच्या हातात होती. सत्यम नांदेडहून आला होता, रांगेत उभा होता, डोळे सुजलेले. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं ओंजळ पुढं केली. मंजुश्रीनं टोपली त्याच्या मागच्या माणसापुढं धरली. अप्पांनी ते पाहिलं आणि मान वळवली. सत्यम रिकामी ओंजळ घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग बाजूला झाला.

लातूरची आडत त्या दिवशी उघडलीच नव्हती, त्यामुळं ती वाढवायला कुणाला जावं लागलं नाही.

सिद्धेश्वर राजशेखर खानापुरे, वय चौतीस, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, नऊ मार्च दोन हजार चोवीसला, सकाळी लातूरच्या दवाखान्यात वारला.